यमुनाच्या नावाची बरणी

खंड्या पिल्लू होता तेव्हापासून त्याला भाकरी मी घालत आले, आणि नगरपालिकेनं त्याच्या कपाळाला पट्टी चिकटवून माझ्याच सुनेवर सोडला. त्याचा मला राग नाही. तो कुत्रा आहे. राग ज्यांचा आहे त्यांची नावं पुढं येतीलच.

मी कौतिकबाई. धामणखेडच्या बाजारपेठेमागं आमची बोहारणींची गल्ली आहे. दारोदार जायचं, भांडं द्यायचं, जुने कपडे घ्यायचे, हा धंदा. मी पाटी डोक्यावर घेतली तेव्हा बायका पितळेच्या पातेल्यावर घासाघीस करायच्या, मग स्टील आलं, आता इंडक्शनचा टोप मागतात. पण जुनं लुगडं हातात घेऊन "अगंबाई, हे देऊ की नको" असं दारात उभं राहून म्हणायची पद्धत काही बदलली नाही. सुयोग कॉलनीतल्या एकेका घरातली लग्नं, बाळंतपणं, मयतं माझ्या गाठोड्यातून गेलीत. दागिन्याला हात लावायची बुद्धी झाली असती तर आज माझाही बंगला असता. झाली नाही. माझ्या सुनेलाही झाली नाही. हे आधीच लिहून ठेवते.

गावात कुत्री फार झाली होती, ही गोष्ट खरी. पूर्वी पालिकेची गाडी यायची, फास टाकायची, बायका शिव्या द्यायच्या, चार दिवसांनी तितकीच कुत्री परत. मग पुण्याहून कंपनी आली आणि म्हणाली, कुत्री मारू नका, कामाला लावा. नसबंदी करा, लस टोचा, आणि ही पट्टी लावा. पट्टीचं कुत्रं गल्लीत राहील आणि पहारा करील. बिनपट्टीचं उचलून नेऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण खंड्या वाचला.

कारखानीस नावाचा त्यांचा इंजिनियर आमच्या वॉर्डात येऊन समजावून गेला. चांगला माणूस, बोलताना घाम पुसायचा. म्हणाला, "मावशी, कुत्र्याच्या नाकामागं मेंदूचा एक गोळा असतो, फक्त वासाचा. वास आत गेला की तिथं बारीक वीज खेळते. तुमचा वास गेला की एक नक्षी, माझा गेला की दुसरी." मी म्हटलं, "म्हणजे प्रत्येक बाईच्या हातची रांगोळी वेगळी, तसं?" तो म्हणाला, "अगदी तसंच." पट्टी ती रांगोळी वाचते आणि पालिकेतल्या यंत्राला कळवते. यंत्रात ज्यांच्या रांगोळ्या आधीपासून ठेवल्यात त्यांच्याशी ते जुळवून बघतं. जुळली की गस्तीवाल्यांच्या मोबाइलवर नाव येतं, आणि पट्टीतून कुत्र्याला हलकी टिचकी बसते. टिचकी बसली की कुत्रं त्या वासासमोर खाली बसतं. इतकंच त्याला शिकवलंय.

"धुतल्यावर वास जातो का?" मी विचारलं. धंद्याचा प्रश्न होता.

"तुमच्या-माझ्या नाकाला जातो. कुत्र्याला नाही. सुती कापडात मुरलेला वास कितीही धुवा, साबण वर बसतो आणि तो खाली तसाच. मात्र एक मर्यादा आहे. वास तिथं आहे एवढंच कळतं. माणूस तिथं—"

"मर्यादा नंतर," असं म्हणून खानझोडे साहेबांनी त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

हे खानझोडे साहेब म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या नागरिक गस्त पथकाचे प्रमुख. नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी. बँकेत असताना काउंटरच्या पलीकडून माणसाकडे जसं बघायचे तसंच आता रस्त्यात बघतात.

यंत्रात वास भरायचा तर प्रत्येकानं अंगावर वापरलेलं एक फडकं द्यायचं होतं. ते काचेच्या बरणीत, वर नाव. बंगल्यातल्या लोकांनी, ही आमची खासगी बाब आहे, असं सांगून दिलं नाही. त्यांना कोण जोर करणार? आम्हाला मात्र बरणी भरल्याशिवाय कॉलनीच्या फाटकातून आत सोडेनात. भांडीवाल्या, मोलकरणी, केरसुण्या विकणारे, चाकूला धार लावणारा म्हातारा, सगळ्यांच्या बरण्या. म्हणजे त्या शहाण्या यंत्राला गावातली नावं ठाऊक होती ती फक्त आमची. चोर बंगल्यातला असता तर तो यंत्राला सापडणारच नव्हता. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं मला वाटत नाही. आलं असणार, आणि बरं वाटलं असणार.

माझ्या सुनेनं, यमुनानं, तिच्या जुन्या पोलक्याची बाही फाडून दिली. तीच बरणीत गेली.

मग खानझोडे साहेबांचं घड्याळ हरवलं. सासऱ्यानं दिलेलं, सोन्याच्या पट्ट्याचं. पथकातली पोरं खंड्याला घेऊन बंगल्यात शिरली. खंड्या सगळं घर हुंगत हुंगत आतल्या झोपायच्या खोलीत गेला, पलंगाजवळ बसला आणि मोबाइलवर नाव आलं, यमुना पोपट.

बोहारणीला मागच्या पायरीच्या वर पाय ठेवू देत नाहीत. मग तिचा वास आतल्या खोलीत कसा? त्या खोलीत त्यांची मुलगी मृणाल बाळंतपणाला आलेली, जावई येऊन-जाऊन. गावाला दोन उत्तरं सुचली. एक म्हणजे चोरी. दुसरं मी लिहिणार नाही, पण चहाच्या टपरीवर ते मोठमोठ्यानं बोलत होते, आणि माझा मुलगा, तिचा नवरा पोपट, तिथंच टेंपो लावतो.

तो घरी आला तेव्हा यमुना भाकरी थापत होती.

"आतल्या खोलीत वास कसा गेला, एवढंच सांग."

"सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

"आई, तू विचार हिला!"

"कुत्र्यानं सांगितलं म्हणून बायकोची झडती घेतोस?" मी म्हटलं. "उद्या गाढवानं काही सांगितलं तर माझी घेशील. चल, जेव."

जेवला नाही. अंथरूण उचललं आणि टेंपोत झोपायला गेला. आमच्या घरात रुसून बाहेर निघायचा मान बायकांचा. ह्यानं तोही घेतला. यमुना रडली नाही. त्याच्या वाटणीची भाकरी तिनं खंड्याला टाकली. दाराशी शेपूट हलवत तोच तर बसला होता, कपाळावर हिरवा दिवा लावून.

खरं काय होतं ते मला ठाऊक होतं. आता लिहिते, कारण ते बाळ आता अंगणात धावतंय आणि त्याची आईच सगळ्यांना सांगत सुटलीय. मृणालची आधीची दोन बाळं राहिली नव्हती. तिसऱ्या वेळी तिची आई, नलिनीताई, मागच्या दारी माझ्यापुढं पदर पसरून उभी राहिली. ज्या घरात सगळी मुलं जगलीत त्या घरचं वापरलेलं कापड मागून आणायचं, त्याचं दुपटं करून बाळाला गुंडाळायचं, आणि कुठून आणलं ते दोन्ही घरांनी बोलायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. यमुनाची चारही मुलं धडधाकट. तिनं स्वतःचं मऊ पडलेलं लुगडं फाडून, दुहेरी करून, हातानं टाके घालून दुपटी शिवली. ती देताना बाळाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, माझ्या तोंडून जाणार नाही. मीही तेच म्हणाले. खंड्या बसला होता तो त्या दुपट्यांच्या चळतीसमोर.

पालिकेत सभा लागली. 'मोकाट जनावरे नियंत्रण व नागरिक गस्त' असा नवा नियम व्हायचा होता, त्यावर लोकांच्या हरकती ऐकायच्या होत्या. त्यातलं एक कलम असं, की ज्याचा वास जिथं नसायला हवा तिथं सापडेल त्याला वर्षभर त्या वॉर्डात प्रवेशबंदी. आणि पहिलं नाव यमुनाचं. तिचं नाव एकदा तिथं चढलं की गावात एकही दार तिला उघडलं नसतं. आणि आमच्या घरातलं एक दार तर आधीच लागलं होतं.

सभेच्या दिवशी सकाळीच मी बंगल्याच्या मागच्या पायरीवर गेले.

"ताई, आज सभेत एक वाक्य बोला. दुपटं आम्ही मागून आणलं, बस."

नलिनीताईंनी आत वळून पाहिलं. "ह्यांना माहीत नाही हो. हे असल्या गोष्टींना अंधश्रद्धा म्हणतात. गावभर भाषणं करतात त्यावर. आणि त्यांच्याच घरात मागून आणलेलं कापड! लोक हसतील."

"माझ्या सुनेच्या अंगावर लोक थुंकायचे बाकी राहिलेत, आणि तुम्हाला हसण्याची पडलीय?"

"कौतिक, तू म्हणशील ते देते. पण हे नको."

"मग माझं कापड परत द्या."

तिचा चेहरा पांढरा पडला. "असं बोलू नकोस गं. दिलेलं परत घेतलं तर बाळाला…"

"काय होतं म्हणतात ते ठाऊक आहे मला. म्हणून तर मागतेय."

आतल्या पाळण्याची कुरकुर थांबली. दोरी कुणाच्या तरी हातात तशीच राहिली असणार. मी पाटी उचलली आणि निघाले. कापड मी खरंच घेतलं असतं का? नसतं घेतलं. पण ते तिला कशाला सांगू?

दुपारी सभागृह भरलं. पहिला बराच वेळ कुत्र्यांवरच गेला. एक नगरसेवक म्हणाला, मोकाट आणि भटकं ह्यात फरक काय ते लिहा. दुसरा म्हणाला, चार नंबर वॉर्डातली कुत्री आमच्या वॉर्डात येऊन घाण करतात, त्यांनाही प्रवेशबंदी करा. मागून कुणी ओरडलं, "आणि चार नंबरच्या नगरसेवकाला?" हशा झाला. अध्यक्षीण बाईंनी घंटा वाजवली.

मग खानझोडे साहेब उठले. टेबलावर आमच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या, लोणची प्रदर्शनात ठेवतात तशा. यमुनाच्या बरणीवर लाल कागद. "प्रात्यक्षिक," असं म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. खंड्याला दोरीनं आत आणलं. यमुना माझ्याशेजारी उभी होती. तिला बघून तो दोरी ओढत आला, शेपटीनं सगळं अंग हलवत, आणि तिच्या पायाशी बसला. मोबाइल बाईच्या आवाजात म्हणाला, "यमुना पोपट. सुयोग कॉलनी. प्रवेशबंदी प्रस्तावित."

टाळ्या पडल्या. रोज जिच्या हातची भाकरी खातो तिला कुत्र्यानं ओळखलं, म्हणून टाळ्या! मागच्या भिंतीला टेकून पोपट उभा होता. टाळ्या वाजल्या तशी त्यानं मान खाली घातली. तेव्हा मला त्याचा जितका राग आला तितका खानझोड्यांचाही आला नव्हता.

"माझी हरकत आहे," मी उठले.

"लेखी द्या, बाई."

"लिहायला हात दुखतो. तोंड दुखत नाही. साहेब, वास तुमच्या घरात निघाला. घरातल्यांना विचारलंत का, कसा आला?"

"माझ्या घरातली माणसं असल्या बायकांशी व्यवहार करत नाहीत."

"मग जुने कपडे माझ्याकडे वाऱ्यानं उडून येतात वाटतं! तुमचा तो निळा लेंगा, गुडघ्याला फाटलेला, तोही वाऱ्यानंच आला?"

सभागृह हसलं. साहेब लाल झाले. नलिनीताई बायकांच्या रांगेत पुढं बसल्या होत्या, डोळे जमिनीला लावून. मी त्यांच्याकडं बघितलं. यमुनानंही बघितलं. त्या हलल्या नाहीत. तिथं मी एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. शब्द दातांपर्यंत आला होता. यमुनानं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, नाही."

तेवढ्यात खंड्यानं दोरीला असा हिसडा दिला की पथकातलं पोरगं खुर्चीवर आपटलं.

दारात मृणाल उभी होती. केस विस्कटलेले, पायात घरातल्या स्लिपरा, छातीशी बाळ. खंड्या धावत गेला, बाळाकडं नाक वर केलं आणि ऐटीत खाली बसला.

"यमुना पोपट," मोबाइल म्हणाला. "सुयोग कॉलनी. प्रवेशबंदी प्रस्तावित."

बाळानं जांभई दिली.

"हा घ्या चोर, बाबा," मृणाल म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "यमुनावहिनींच्या लुगड्याचं दुपटं आहे हे. आईनं मागून आणलं. तुमच्या नातवाला जन्मल्यापासून ह्यातच झोप लागते. काढा आता त्याला कॉलनीबाहेर."

कुणी हसलं नाही. कारखानीस कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "ती मर्यादा मी सांगणारच होतो. वास असतो, माणूस असेलच असं नाही." खानझोडे साहेबांनी बायकोकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, मग शिट्टीशी चाळा करत बसले. नलिनीताईंनी पदरात तोंड लपवलं.

मला वाटलं, संपलं. आता नियम फाडतील. मी खरंच तसं समजले. इतकी वर्षं लोकांच्या दारात उभी राहून मला माणसं कळतात असा माझा समज होता.

चार नंबरचा नगरसेवक उठला. "यमुनाबाईंचं नाव मागं घ्यावं. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. आणि कलमात दुरुस्ती सुचवतो, एक वर्षाखालील बालकांना वगळून."

"अनुमोदन," दुसरा म्हणाला.

हात वर गेले. बाकं वाजली. अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "मंजूर." केरसुणीवाले तसेच अडकले, मोलकरणी तशाच अडकल्या, चाकूवाला म्हातारा तर माझ्यामागं उभा होता, त्याला काय झालं तेही कळलं नव्हतं.

"कौतिकबाई, तुमचं काम झालं ना?" खानझोडे साहेब म्हणाले. "बसा आता."

मी बसले नाही. टेबलाशी गेले. लाल कागदाची बरणी उचलली, झाकण पिळलं. आत यमुनाच्या पोलक्याची बाही. ती बाहेर काढली, झटकली, आणि टेबल पुसायला लागले.

"अहो, काय करताय?"

"धूळ किती झालीय."

टेबल पुसलं, माइक पुसला, अध्यक्षीण बाईंच्या खुर्चीचे हात पुसले. नगरसेवकांच्या फाइली पुसल्या. चार नंबरच्या सदऱ्यावर चहाचा डाग होता, तोही पुसला. तो "अरे, अरे" करत राहिला, पण बाईमाणसाचा हात धरायची हिंमत कुणाला होईना. शेवटी खानझोडे साहेबांचं नारिंगी जॅकेट, खांद्यापासून खालपर्यंत, लग्नात नवऱ्याला हळद लावतात तसं सावकाश. मग दोरी पडली होती तिथून उचलली आणि म्हटलं, "खंड्या, चल."

बिचाऱ्यानं इमानानं काम केलं. अध्यक्षीण बाईंसमोर बसला. "यमुना पोपट. प्रवेशबंदी." उठला, चार नंबरसमोर बसला. "यमुना पोपट. प्रवेशबंदी." माइकसमोर बसला. प्रत्येक खुर्चीसमोर बसला. मोबाइल थांबेना, पोरांना तो बंद करता येईना, आणि आता मागच्या रांगा हसून हसून वाकल्या होत्या. शेवटी खंड्या खानझोडे साहेबांसमोर बसला आणि जीभ बाहेर काढून त्यांच्याकडं बघत राहिला.

"एक वर्षाखालचे आहात का, साहेब?" मी विचारलं. "नसलात तर निघा कॉलनीतून."

ठराव त्या दिवशी पुढं ढकलला. रद्द नाही केला, पुढं ढकलला. पालिकेला मंजूर केलेलं रद्द करता येत नाही म्हणे, झाकून ठेवता येतं. पण बरण्या आम्ही उचलून आणल्या. ज्याची त्याला दिली. कुणी अडवलं नाही. घड्याळ सापडलं की नाही ते कुणी सांगितलं नाही. सापडलं असेल तर सांगणारही नाहीत. कॉलनीत मी अजून जाते, पण नलिनीताईंच्या मागच्या पायरीवर पाटी टेकवत नाही. त्यांच्या घरचे जुने कपडे कुठं जातात ते मला ठाऊक नाही. मृणाल मात्र बाळाला घेऊन आमच्या गल्लीत येते, पुढच्या दारानं.

सभेनंतर आम्ही घरी आलो तेव्हा पोपट दारात उभा होता, अंथरूण बगलेत धरून. आत यावं की न यावं, त्याला कळेना. मी वाटेतून सरले नाही. आईनं मुलाला आत घेणं सोपं असतं, म्हणून मी ते केलं नाही. हे यमुनाचं दार होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

यमुनानं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्या हातातली ती पोलक्याची बाही घेतली, सगळ्या पालिकेची धूळ बसलेली, आणि त्याच्या अंगावर फेकली.

"माझा वास कुठं कुठं जातो ह्याची लई काळजी ना तुम्हाला? मोरीत बसा आणि धुवा. वास जाईपर्यंत धुवा. मग आत या."

तो मोरीत बसला. साबण लावला, चोळलं, पिळलं, नाकाशी नेलं, आणि गेला वास म्हणून मोठ्या आशेनं वर बघितलं. यमुनानं खंड्याला हाक मारली. खंड्यानं बाही हुंगली आणि शेपूट हलवत खाली बसला. पोपटनं परत साबण घेतला.

इंजिनियर म्हणाला होता, सुती कापडातून तो वास कधी जात नाही. पोपट तेव्हा टेंपो घेऊन गावाबाहेर होता, त्यानं ते ऐकलेलं नाही. यमुनानं त्याला सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.